गांठीवरील छाप

सन २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट. सेवानिवृत्तीनंतरही शाळेंत अधूनमधून एखादा तास घेण्याचा माझा परिपाठ आहे. त्या दिवशीं नवव्या इयत्तेंत इतिहासाचा तास संपत आला असतां मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, जगांत आपल्या देशाला आतां मान आहे कीं नाहीं? बाबा म्हणतात, पूर्वीं कधीं नव्हता इतका आहे. काका म्हणतात, मान असता तर आपल्या माणसांना बेड्या घालून परत धाडलें नसतें." वर्ग हंसला. मी मात्र निरुत्तर झालों. घंटा वाजली व माझी सुटका झाली. परंतु त्या प्रश्नानें माझी पाठ सोडली नाहीं. त्या मुलास जें उत्तर तेव्हां देतां आलें नाहीं, तें येथें देण्याचा यत्न करितों. त्याचे वडील व काका हेही हा अंक वाचतील, अशी आशा आहे.

प्रश्न मोठा खरा. पण त्याचें उत्तर शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. आपलें अचलपूर एके काळीं इमादशाहीची राजधानी होतें. परंतु आपल्या मुलुखाची जगाच्या बाजारांत ओळख झाली ती राजधानीमुळें नव्हे, कापसामुळें. इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील कापसाच्या पेढ्यांवर वऱ्हाडच्या रुईला 'ऊमरा' असें म्हणत. अमरावतीच्या नांवाचा परक्या जिभेवर झालेला तो अपभ्रंश होय. तेथील व्यापाऱ्यानें अमरावती कधीं पाहिली नव्हती. येथें अंबादेवीचें देऊळ आहे, येथें माणसें राहतात, त्यांची मुलें शिकतात, यांतलें त्याला कांहींएक ठाऊक नव्हतें. त्याच्या लेखीं आपण म्हणजे दाबून बांधलेली एक गांठ आणि तिच्यावर उमटविलेली एक छाप. एखाद्या देशाची परदेशांतील प्रतिमा म्हणतात ती बहुधा अशीच असते. गांठ ज्यानें फोडली नाहीं, तो छाप वाचून मत ठरवितो.

ही छाप कशी चढते व कशी उतरते, याचा मासला पाहण्यासारखा आहे. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली व मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हां त्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडांत कापसाला सोन्याचा भाव आला. जेथें ज्वारी पिके तेथें कपाशी दिसूं लागली. परंतु हिंदुस्थानच्या ज्या कापसाला तेथें सरसकट 'सुरत' म्हणत, त्याच्याबद्दल गिरणीकामगारांचें मत फार वाईट होतें. "देवा, कापूस धाड, पण सुरतेचा नको," अशी प्रार्थना तेथें ऐकूं येई, अशी आख्यायिका आहे. एका अर्थीं ती आपल्या देशाची त्या काळची प्रतिमाच होती.

या नापसंतीचीं कारणें मात्र दोन होतीं, आणि तीं एकमेकांहून अगदीं भिन्न होतीं. पहिलें कारण असें कीं, आपल्या कापसाचा धागा आंखूड होता. तेथील यंत्रें अमेरिकेच्या लांब धाग्यावर बेतलेलीं होतीं. त्यांवर आपली रुई तुटे व मजुराची मजुरी बुडे. यांत आपला दोष कोणता? आपल्या मातीला व आपल्या पावसाला मानवणारा तो वाण होता. शेंकडों वर्षें आपल्या विणकरांनीं त्याच आंखूड धाग्यापासून कापड विणलें होतें. दुसरें कारण असें कीं, गांठींत कापसाबरोबर सरकी, माती व खडे निघत. वजन वाढावें म्हणून रुईवर पाणी मारलेलें असे. ही लबाडी इतकी वाढली कीं, ती रोखण्यासाठीं मुंबई सरकारला १८६३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. आंखूड धागा हा आपला वाण होता; शिंपडलेलें पाणी ही आपली करणी होती. मँचेस्टरच्या कामगाराने दोहोंना एकाच शिवीनें संबोधिलें. तो रागावलेला होता. त्याला हा भेद करण्याची गरज वाटली नाहीं. आपल्याला मात्र तो केलाच पाहिजे.

हा भेद मी पुस्तकांत शिकलों नाहीं. सन १९६८ मध्यें मी अकरा वर्षांचा होतों. अचलपूरपासून कांहीं कोसांवर आमचें खेडें. त्या वर्षीं वडिलांवर देणें फार झालें होतें. दिवाळीनंतर कापूस वेंचून घरांत गंज लागली. बाजाराच्या आदल्या रात्रीं वडिलांनीं कंदील खालीं ठेविला आणि ओंजळीओंजळीनें त्या गंजीवर पाणी शिंपडलें. घागर माझ्या हातांत होती. आम्ही दोघेही बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं बाजारांत व्यापाऱ्याच्या माणसानें कोंपरापर्यंत हात गाडींत घातला, आंतील मूठभर कापूस ओढून काढला व तो क्षणभर गालाला लाविला. मग हंसून तो एवढेंच म्हणाला, "भाऊ, यंदा कापूस लय जड लागून राह्यला!" भोंवतालचे चार लोक हंसले. भाव पाडून मिळाला. वडिलांनीं मान खालीं घालून तो घेतला.

तेवढ्यावर तें संपलें असतें तर बरें होतें. परंतु त्यानंतर दोन-तीन हंगाम आमच्या गांवची गाडी दिसली कीं, बोली चार पैसे खालींच सुरू होई. आमच्या शेजारीं एक वृद्ध शेतकरी राहत. त्यांचा कापूस नेहमीं कोरडा व निवडलेला असे. त्यांनाही तोच कमी भाव मिळूं लागला. कारण त्यांच्या गाडीबरोबर आमच्या गांवाचें नांव जात होतें. त्यांनीं वडिलांना कधीं एक शब्द सुनावला नाहीं. सायंकाळीं ओट्यावर येऊन ते पूर्वींप्रमाणेंच बसत. त्यांचें तें मौन वडिलांना सोसवत नसे, हें मला लहानपणींही कळत होतें. एकाच्या ओंजळीचें पाणी सर्व गांवाच्या गाड्यांवर पडतें, हा धडा मी तेव्हां शिकलों. गांवाला लागू आहे तेंच देशाला लागू आहे.

आतां हीच कसोटी घेऊन जगानें आपल्याविषयीं जें म्हटलें, त्यांतील थोडें तपासून पाहूं.

सन १९३६ मध्यें बर्लिन येथें ऑलिंपिक सामने झाले. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं तेथें जाऊन कबड्डी व इतर देशी खेळ करून दाखविले. त्याच सामन्यांत १५ ऑगस्ट रोजीं ध्यानचंदांच्या संघानें हॉकीच्या अंतिम सामन्यांत जर्मनीला आठ विरुद्ध एक असें हरविलें. त्या वेळीं आपल्याला स्वतःचें निशाणही नव्हतें. परतंत्र, दरिद्री व जादूटोण्याचा देश, एवढीच आपली प्रतिमा असतां या तरुणांनीं कोणाशीं वाद घातला नाहीं; आपला खेळ चोख केला. ज्यांनीं पाहिलें, त्यांनीं गांठ फोडून पाहिली.

स्वातंत्र्यानंतरची प्रतिमा निराळी होती. ती हातांत कटोरा घेतलेल्या देशाची. सन १९५६ पासून अमेरिकेचें धान्य करारानें येऊं लागलें आणि १९६६ सालीं, दुष्काळामुळें, एका वर्षांत सुमारें एक कोटी टन धान्य बाहेरून आणावें लागलें. १९७२ च्या दुष्काळांत अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मीं स्वतः खाल्ली आहे. ती घशाखालीं उतरत नसे, आणि तें केवळ चवीमुळें नव्हे. परदेशांतील लेखक त्या काळीं लिहीत कीं, हा देश स्वतःचें पोट कधींच भरूं शकणार नाहीं. त्यांना उत्तर कोणीं दिलें? गव्हाचे नवे वाण निवडणाऱ्या शास्त्रज्ञांनीं व तें बियाणें विश्वासानें पेरणाऱ्या शेतकऱ्यांनीं. आज आपला देश तांदूळ निर्यात करणाऱ्या देशांत अग्रभागीं आहे. कटोऱ्याचें चित्र भाषणांनीं पुसलें गेलें नाहीं. कोठारें भरलीं तेव्हां तें आपोआप पुसलें गेलें.

येथें आपल्याच जिल्ह्यांतील एका पुरुषाचें स्मरण होतें. पापळ येथें जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख हे देशाचे कृषिमंत्री असतां, परदेशी धान्य येत असण्याच्या त्याच दिवसांत, दिल्लीस जागतिक कृषि-प्रदर्शन भरविण्यांत आलें. डिसेंबर १९५९ मध्यें त्याच्या उद्घाटनास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर हजर होते. ज्याच्याकडून धान्य घ्यावयाचें, त्याच्यासमोर शेतकऱ्याला लपविण्याची भाऊसाहेबांना लाज वाटली नाहीं. शेतकरी हाच या देशाचा खरा प्रतिनिधि, असें ते मानीत.

ही गोष्ट मला पुन्हां आठवली ती २०१४ सालीं. त्या वर्षीं २४ सप्टेंबर रोजीं आपलें यान मंगळाच्या कक्षेंत गेलें. कांहीं दिवसांतच 'न्यूयॉर्क टाइम्स' या अमेरिकन पत्रानें एक व्यंगचित्र छापिलें: फेटा बांधलेला एक शेतकरी गाय घेऊन अंतराळांत जाणाऱ्या बड्या देशांच्या मंडळाचें दार ठोठावीत आहे. आपल्याकडे संताप उसळला व त्या पत्रानें क्षमा मागितली. थट्टा कुत्सित होती, यांत संशय नाहीं. परंतु मी स्वतःला विचारलें कीं, माझा राग नेमका कशाचा? थट्टेचा, कीं माझ्या देशाचें चित्र शेतकरी व गाय यांनीं दाखविलें याचा? दुसरें असेल तर लाज मलाच वाटली पाहिजे. कारण तो फेटेवाला माझा बाप होता. शेतकरी असणें हा आपला आंखूड धागा आहे. त्याची लाज धरण्याचें कांहीं कारण नाहीं. पुढें २३ ऑगस्ट २०२३ रोजीं आपलें यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलें, तेव्हां थट्टेला आणखी उत्तर देण्याची गरजही उरली नाहीं.

आतां दुसरी बाजू पाहूं. सन २०२१ च्या जानेवारींत आपला देश शेजारी राष्ट्रांना लस धाडीत होता व जग आपली वाखाणणी करीत होतें. फेब्रुवारीच्या २२ तारखेपासून अमरावती व आपलें अचलपूर येथें पुन्हां टाळेबंदी झाली. एप्रिल-मेमध्यें प्राणवायूवांचून माणसें तडफडलीं आणि जळत्या चितांचीं चित्रें जगभर छापलीं गेलीं. रोगाच्या त्या नव्या प्रकाराला परदेशांत 'भारतीय' म्हणूं लागले. आपल्या सरकारनें त्यास हरकत घेतली व ती रास्त होती. रोगाला देश नसतो. पुढें ३१ मे रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास 'डेल्टा' हें नांव दिलें. परंतु त्याच वेळीं, परदेशी पत्रांनीं चितांचीं चित्रें छापून आमची बदनामी केली, असेंही आपल्यांतील अनेकजण म्हणूं लागले. येथें मात्र थांबून विचार केला पाहिजे. नांवाची तक्रार ही आंखूड धाग्याची होती. प्राणवायूची तक्रार ही पाण्याची होती. पहिलीबद्दल भांडावें, दुसरीबद्दल मान खालीं घालून दवाखाने सुधारावेत. चित्र दडपल्यानें मेलेला माणूस परत येत नाहीं आणि पुढचा वांचत नाहीं.

आपल्या वऱ्हाडालाही हें लागू आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें आपलें नांव जगाच्या वर्तमानपत्रांत गेलें. १ जुलै २००६ रोजीं त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनीं अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर केली. "वऱ्हाडची नाहक बदनामी झाली," असें म्हणणारे सद्गृहस्थ मला भेटले आहेत. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला, त्या घरांतील बाईला मात्र बदनामीची चिंता करतांना मीं पाहिलें नाहीं. तिला बियाण्याची व मुलांच्या फीची चिंता होती.

राहिली त्या मुलाच्या काकांची गोष्ट. ५ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमेरिकेचें एक लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलें. त्या प्रवासांत त्यांना बेड्या घातल्या होत्या. माणसाला अशी वागणूक देणें अयोग्य होय, आणि तें आपण उघड म्हटलें पाहिजे. परंतु लाखों रुपये घेऊन माणसांना आडवाटेनें परक्या देशांत शिरविणारे दलाल आपलेच होते, आणि शेती विकून पोराला त्या वाटेनें धाडावें असें बापाला वाटावें, ही स्थितिही आपलीच. बेडी त्यांची, पाणी आपलें.

आणि बाबांची गोष्ट? तीही खोटी नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्यें जगांतील मोठ्या राष्ट्रांचे प्रमुख दिल्लीस जी-२० परिषदेला जमले होते. आफ्रिकी राष्ट्रांच्या संघाला त्या मंडळांत स्थान मिळालें, तें याच परिषदेंत. याचा आनंद अवश्य मानावा. परंतु मान व हित हीं एक नव्हेत, हेंही ध्यानीं असावें. दोनच वर्षांनीं, २७ ऑगस्ट २०२५ पासून, अमेरिकेनें आपल्या बहुतेक मालावर एकंदर पन्नास टक्के जकात बसविली. कापडगिरण्यांना झळ लागूं नये म्हणून आपल्या सरकारनें परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर १९ ऑगस्टपासून वर्षअखेरपर्यंत उठविला. बाहेरचा कापूस स्वस्त झाला आणि ऐन वेंचणीच्या तोंडावर आपल्या शेतकऱ्याला भावाची धास्ती पडली. १८६१ मध्यें अमेरिकेंतील युद्धानें वऱ्हाडच्या कापसाचा भाव चढविला. २०२५ मध्यें अमेरिकेच्या जकातीनें त्याची झोंप उडविली. व्यासपीठावरील स्तुति ऐकून जो देश निर्धास्त होतो, त्याला बाजारांतील व्यवहार अचानक जागा करितो.

तेव्हां, बाळा, तुझ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. तुझे बाबा व काका दोघेही छापच वाचीत आहेत; एकाला ती सोनेरी दिसते, दुसऱ्याला काळी. छाप दर वर्षीं बदलते. तुला मोलाचें काम वेगळेंच आहे. जग आपल्याला कांहीं बोललें कीं, लगेच फुलून जाऊं नकोस आणि लगेच खवळूंही नकोस. आधीं विचार, हा आंखूड धागा आहे कीं शिंपडलेलें पाणी? आंखूड धागा असेल तर ताठ मानेनें सांग कीं, आमचा वाण असाच आहे. पाणी असेल तर सांगणाऱ्याचा राग न धरितां कापूस वाळवावयास लाग. सांगणारा मत्सरी असला तरी चालेल. मत्सरी माणसाच्या हातालाही ओल लागतेच.

पालकांसही एक विनंति आहे. आपलीं मुलें शिकून पुण्यास, बंगळुरास, परदेशांस जातील. जातील तेथें तीं आपल्या देशाचा मूठभर नमुना ठरतील. गाडींत हात घालून काढलेल्या मुठीवरूनच सर्व गाडीची पारख होते. म्हणून त्यांना घरींच कोरडें ठेवावें. परीक्षेंत दुसऱ्याचें पाहून लिहिलेला गुण, वशिल्यानें मिळविलेला दाखला, "सगळेच करितात" म्हणून केलेली लहानशी लबाडी, हीं सर्व त्या ओंजळींतील पाण्यासारखींच आहेत. आम्हीं तें रात्रीं शिंपडलें आणि त्याचा भुर्दंड शेजारच्या प्रामाणिक म्हाताऱ्यानें भरला.

हल्लीं कापूस खरेदीकेंद्रावर ओलावा मोजण्याचें यंत्र असतें. आठ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव मिळतो. तेथून बारापर्यंत भाव कापला जातो. बाराच्या वर असेल तर गाडी परत करितात. यंत्र मोठें अचूक आहे. पण एक गोष्ट त्याला सांगतां येत नाहीं. कापूस अवकाळी पावसानें भिजला कीं धन्याच्या हातानें, हें त्याला कळत नाहीं. तें धन्यालाच ठाऊक असतें. जगाची नजरही अशीच आहे. ती ओल मोजते, कारण जाणत नाहीं. कारण जाणणारे आपणच. माझे वडील जाऊन पुष्कळ वर्षें झालीं. त्यांनीं त्या रात्रीनंतर पुन्हां कधीं कापसावर पाणी मारलें नाहीं, आणि कांहीं हंगामांनीं आमच्या गांवच्या गाड्यांना पहिल्यासारखी बोली लागूं लागली. त्यासाठीं कोणीं कोठें भाषण केलें नव्हतें. कापूस कोरडा येऊं लागला होता, एवढेंच.